सॉक्रेटिसकडे पाठ करून बसलेला तो म्हातारा

निळी शाई

मंडळी, इथे मी जास्त करून वाचायलाच येते, पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. आई सध्या माझ्याकडे न्यू जर्सीला आलीय, मागच्या शनिवारी तिला न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमला घेऊन गेले होते. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे भराभर दालनं पालथी घालणं शक्यच नव्हतं, म्हणून चार-पाचच चित्रं बघायची पण नीट बघायची असं आधीच ठरवलेलं. त्यातलं एक होतं फ्रेंच चित्रकार जाक-लुई दाविदचं 'सॉक्रेटिसचा मृत्यू', १७८७ सालचं. मी ते आधी दोन-तीनदा पाहिलेलं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आकारानेच चकित झाले होते, मला वाटायचं भिंतभर असेल, निघालं साधारण १३० बाय १९६ सेंटीमीटर, म्हणजे घरातल्या डबलबेडच्या गादीपेक्षाही लहान.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. तुरुंगातली दगडी खोली. मधोमध पलंगावर सॉक्रेटिस, विष प्यायची शिक्षा झालेला अथेन्सचा तत्त्वज्ञ, ताठ बसलाय, डावा हात वर, बोट आभाळाकडे, आणि उजवा हात विषाच्या प्याल्याकडे गेलाय पण अजून प्याल्याला लागलेला नाही. प्याला देणारा लाल कपड्यातला माणूस तोंड फिरवून डोळे झाकून उभा. उजवीकडे मित्र आणि शिष्यांचा घोळका, सगळे रडतायत. अगदी जवळ क्रिटो बसलाय, सॉक्रेटिसचा बालमित्र, त्याने सॉक्रेटिसच्या मांडीवर हात घट्ट ठेवलाय. पलंगाखाली काढून टाकलेल्या बेड्या. आणि डावीकडे, पलंगाच्या पायथ्याशी, एक म्हातारा मान खाली घालून, सगळ्यांकडे पाठ करून बसलाय.

आईला सॉक्रेटिसची गोष्ट माहिती आहे, शाळेत शिकवायची ती. मी आपली तिला ते वर केलेलं बोट, तो प्याला असं सगळं दाखवत होते, तर ती म्हणाली, "ते राहू दे गं, हा म्हातारा पाठ करून का बसलाय? त्याला बघवत नाहीये, का त्याचं बघून झालंय?"

मी गप्पच झाले. कारण तो म्हातारा म्हणजे प्लेटो, सॉक्रेटिसचा शिष्य, ज्याने त्याचं बोलणं संवादांच्या रूपात लिहून ठेवलं. आणि सॉक्रेटिसने विष घेतलं तेव्हा, इसवी सन पूर्व ३९९ मध्ये, प्लेटो म्हातारा नव्हता, अठ्ठावीस-तीस वर्षांचा होता. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो त्या खोलीत नव्हताच! ज्या संवादात हा शेवटचा दिवस येतो त्या 'फीडो'मध्ये तिथे कोण कोण हजर होतं त्याची नावं येतात आणि मग एक छोटं वाक्य येतं की प्लेटो बहुतेक आजारी होता. हे वाक्य प्लेटोनेच लिहिलेलं आहे. स्वतःबद्दल. त्याच्या सगळ्या संवादांत मिळून त्याने स्वतःचं नाव फक्त तीनदा घेतलंय, त्यातलं एक हे.

मग दाविदने न आलेल्या माणसाला आणून बसवलं आणि वर त्याला म्हातारा केलं, ते कशासाठी? त्या म्हाताऱ्याच्या बाजूला जमिनीवर गुंडाळी पडलीय, लेखणी आणि शाई आहे. मला आता असं वाटतं की त्याच्या पाठीमागे जे चाललंय ती खोली नाहीये, ती त्याची आठवण आहे. पुष्कळ वर्षांनी तो बसलाय, डोळे मिटून, आणि जे त्याने पाहिलंच नाही ते त्याच्या पाठीमागे घडतंय. आईच्या शब्दांत, त्याचं बघून झालंय.

तुम्हाला काय वाटतं? चित्रकला कळणाऱ्यांनी आणि ग्रीक वाचलेल्यांनी जरूर लिहा.

मोगरा

काय सुंदर लिहिलंयस गं. काकूंना माझा नमस्कार सांग. वाचनखूण साठवली.

कुंचला

ताई, धागा वाचून फार बरं वाटलं. मी ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, या चित्राची छापील प्रत वर्गात लावलेली असायची, प्रत्यक्ष पाहायचा योग मात्र आला नाही, त्यामुळे तुमचा हेवा वाटतो.

तुमच्या आईंनी बरोब्बर नस पकडलीय. मी मुलांना एक गोष्ट करायला लावायचो, कागदाने चित्राचा डावा भाग झाकायचा. प्लेटो आणि मागची कमान गेली की उरतं ते नाटकातलं दृश्य, छान पण बंदिस्त. कागद काढला की एकदम चित्राला खोली येते, कारण त्या कमानीतून मागे जिना दिसतो आणि काही माणसं वर निघालेली दिसतात. म्हणजे डावीकडे काळ पुढे सरकतोय आणि उजवीकडे थांबलाय.

दुसरं बघा, मागची भिंत. नुसता दगड, काहीही सजावट नाही, आणि ती आपल्याला अगदी समांतर. त्यामुळे माणसं देवळाच्या शिल्पपट्टीसारखी एका ओळीत येतात. प्रकाश डावीकडून वरून. उजवीकडची सगळी शरीरं वाकलेली, कुणी कपाळ धरलंय, कुणी चेहरा झाकलाय, कमानीजवळ अपोलोडोरस नावाचा शिष्य भिंतीला टेकून हात वर करून आक्रोश करतोय. या सगळ्यात ताठ कोण, तर ज्याला मरायचंय तो एकटा.

आणि त्या हाताबद्दल. सॉक्रेटिस प्याल्याकडे बघत नाहीये. प्याला देणाराही बघत नाहीये. दोघांचंही लक्ष नाही आणि तरी हात बरोबर तिथे चाललाय. ती जी मधली बोटभर मोकळी जागा आहे ना, हात आणि प्याला यांच्यामधली, सगळं चित्र त्या जागेत आहे. असं सांगतात की आधी दाविद हातात प्याला घेतलेला दाखवणार होता आणि त्याचा कवी मित्र आंद्रे शेनिए म्हणाला की नको, बोलणं संपेपर्यंत सॉक्रेटिस प्याला घेणार नाही.

अजून एक, सह्या. प्लेटो ज्या दगडावर बसलाय त्यावर नुसती एल. डी. अशी अक्षरं आणि रोमन आकड्यांत साल. आणि क्रिटो बसलाय त्या दगडावर पूर्ण एल. दाविद. एका चित्रावर दोनदा सही कोण करतं? मला नेहमी वाटत आलंय की तो सांगतोय, मी लिहिणारापण आहे आणि मांडीवर हात ठेवून बसलेलापण आहे.

निळी शाई

सर, दोन सह्यांचं मला माहितीच नव्हतं! इतक्यांदा समोर उभी राहिले आणि दिसलं नाही. परत जाईन तेव्हा आधी दगड बघणार.

रोखठोक

लेख आवडला, पण थोडा विरोध नोंदवतो. आपण सगळे जण चित्रकाराला फार मोकळीक देतोय असं मला वाटतं. सॉक्रेटिस त्या वेळी सत्तर वर्षांचा होता. त्याच्यावर जीव टाकणाऱ्या लोकांनीच लिहून ठेवलंय की तो दिसायला कुरूप होता, बसकं नाक, बाहेर आलेले डोळे, सुटलेलं पोट. तो स्वतःच त्यावरून गमतीने बोलायचा. इथे काय दिसतं, तर मल्लासारखी छाती आणि दंड. का? कारण १७८७ च्या पॅरिसला हिरो पाहिजे होता.

माझ्यासाठी सॉक्रेटिसचं मोठेपण बरोब्बर त्याच्या कुरूप असण्यात आहे. अथेन्समध्ये देखणं शरीर म्हणजे चांगला माणूस असं मानायची पद्धत होती आणि हा पोट सुटलेला अनवाणी म्हातारा बाजारात उभा राहून देखण्या श्रीमंत पोरांना विचारायचा की धैर्य म्हणजे काय, न्याय म्हणजे काय, आणि त्यांची बोलती बंद व्हायची. ते शरीर काढून घेतलं की अर्धा सॉक्रेटिस गेला. प्लेटोचं वय खोटं, हजेरी खोटी, सॉक्रेटिसचं शरीर खोटं. मग उरलं काय?

कुंचला

रोखठोक, मुद्दा रास्त आहे आणि शरीराबद्दल मी तुमच्याशी वाद घालणार नाही. चेहरा मात्र नीट बघा, नाक बसकंच ठेवलंय त्याने, जुन्या पुतळ्यांवरून घेतलंय. आणि त्याने अभ्यास न करता काढलं असंही नाही, आद्री नावाच्या एका विद्वान धर्मगुरूला विचारून घेतलं होतं की कोण कुठे असेल, कोणाचा भाव कसा असेल. म्हणजे प्लेटो तिथे नव्हता हे त्याला माहिती नसेल असं मला वाटत नाही. माहिती असून बसवलाय. खोटं आणि ठरवून केलेला बदल यात मी फरक करतो.

कडुलिंब

मी डॉक्टर आहे, चित्रातलं फार कळत नाही, पण विषाबद्दल लिहितो कारण यात एक गोष्ट आहे जी चित्र बघताना मला फार महत्त्वाची वाटते.

हेमलॉक हे गाजर-कोथिंबिरीच्या कुळातलं झाड. त्यातलं मुख्य विष कोनाईन. ते नसा आणि स्नायू यांच्यातला संदेश तोडतं. पाय जड होतात, मग लुळे पडतात, ते हळूहळू वर चढत जातं आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. डोकं मात्र बराच वेळ शाबूत राहतं. फीडोमधलं वर्णन याच्याशी पुष्कळ जुळतं, सॉक्रेटिस फेऱ्या मारतो, पाय जड झाल्यावर आडवा होतो, तो माणूस त्याचं पाऊल जोरात दाबून विचारतो की कळतंय का, मग पोटरी, मग वर. काही अभ्यासकांचं म्हणणं प्लेटोने मळमळ, झटके असलं काही लिहिलं नाही म्हणजे सौम्य करून लिहिलं, पण त्या जातीच्या झाडाने असा शांत मृत्यू येऊ शकतो असं मानणारेही आहेत.

आता महत्त्वाचं. संवादात सुरुवातीलाच क्रिटो सॉक्रेटिसला सांगतो की विष देणारा माणूस केव्हाचा म्हणतोय, कमी बोलायला सांगा. बोलून अंग तापलं की विष नीट लागत नाही आणि मग दोनदा तीनदा द्यावं लागतं. सॉक्रेटिस म्हणतो, त्याला म्हणावं तयारी ठेव, लागलं तर दोनदा दे, तीनदा दे. आणि बोलत राहतो. दिवसभर!

म्हणून मला ते वर केलेलं बोट आवडतं. माणूस बोलतोय. ज्याला सांगितलंय की बोलू नकोस, जास्त त्रास होईल, तो हात पुढे करताना पण बोलतोच आहे. मी आयसीयूत काम करतो, शेवटच्या तासांत माणसं काय बोलतात ते ऐकलंय, त्यामुळे हे मला फार लागतं.

निळी शाई

कडुलिंब, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

रोखठोक यांच्या यादीत मीच अजून एक भर घालते, परवा फीडोचा शेवट पुन्हा वाचला तेव्हा लक्षात आली. तुरुंगातला जो माणूस रडतो तो आणि जो प्याला आणतो तो, हे दोन वेगळे आहेत. आधी एक शिपाई येतो, म्हणतो, इतर कैदी मला शिव्या देतात, तू इथे आलेल्यांत सगळ्यात सज्जन माणूस आहेस, आणि रडत रडत निघून जातो. नंतर विष देणारा येतो, तो शांत आहे, कामाचा माणूस. दाविदने दोघांचा एक केला. आणि मला वाटतं बरं केलं. ज्याच्या हातात प्याला आहे त्यालाच बघवत नाहीये, हे मूळ गोष्टीत नाही, पण न्याय म्हणून खरं आहे.

पानगळ

धागा छान चाललाय. फ्रेंच राज्यक्रांतीवर गेली काही वर्षं वाचतोय, त्यामुळे या चित्राच्या मागची एक गोष्ट लिहितो. लांब होईल.

हे चित्र कोणी काढून घेतलं? शार्ल-मिशेल त्रुदेन नावाच्या विशीतल्या तरुणाने. श्रीमंत घराणं, दोघे भाऊ, नव्या विचारांचे, घरी कवी-चित्रकारांचा राबता. वर कुंचला सरांनी शेनिएचं नाव घेतलं तो याच घोळक्यातला. दाविदचं तिथे येणं-जाणं होतं. म्हणजे हे चित्र तसं मित्रांच्या बैठकीतलंच आहे, मित्रांनी घेरलेल्या माणसाचं चित्र मित्रांच्या बैठकीसाठी.

१७८७ च्या पॅरिसच्या सलोनमध्ये, म्हणजे लूव्रमधल्या मोठ्या प्रदर्शनात, ते लागलं. त्याच प्रदर्शनात पेइरों नावाच्या चित्रकाराचंही सॉक्रेटिसचा मृत्यू याच विषयावरचं चित्र होतं, त्याला तर सरकारी काम मिळालं होतं. लोकांनी दोन्ही बघितली आणि पेइरों मागे पडला तो कायमचा. जेफरसन तेव्हा पॅरिसला अमेरिकेचा राजदूत होता, त्यानेही प्रदर्शन पाहून मित्राला कळवलं की सगळ्यात उत्तम चित्र दाविदचं सॉक्रेटिस.

मग दोन वर्षांत क्रांती झाली. दाविद त्यात आत आत शिरत गेला, राजाच्या मृत्युदंडाला मत दिलं, पुढे सार्वत्रिक सुरक्षा समितीचा सदस्य झाला. ही समिती अटकेचे हुकूम काढायची. त्या काळातला क्रांतीचा सगळ्यात ताकदवान नेता रोबेसपियेर, त्याच्या अगदी जवळचा माणूस.

आता तारखा बघा. २५ जुलै १७९४, आंद्रे शेनिएला गिलोटिनवर नेलं. ज्याने प्याला हातात देऊ नकोस असं सांगितलं म्हणतात तो. २६ जुलै, त्रुदेन बंधू, दोघेही. ज्याने चित्र काढायला सांगितलं तो अठ्ठावीसच्या आसपास होता. त्याच २६ तारखेला संध्याकाळी जॅकोबिन क्लबात, म्हणजे त्याच्या राजकीय गटाच्या सभेत, रोबेसपियेर म्हणाला की वेळ आली तर मी शांतपणे हेमलॉक पिईन. आणि दाविद उठून ओरडला की मी तुझ्याबरोबर पिईन.

दुसऱ्या दिवशी रोबेसपियेर पडला. २८ ला त्याचं डोकं गेलं. तो पडला त्या दिवशी, २७ ला, दाविद सभागृहात आलाच नाही, आजारी आहे म्हणून घरी राहिला.

प्लेटो बहुतेक आजारी होता.

मी हे पहिल्यांदा एकत्र ठेवून पाहिलं तेव्हा पुस्तक मिटून बाहेर चक्कर मारायला गेलो होतो.

मोगरा

अंगावर काटा आला.

रोखठोक

पानगळ, फार मोठं काम केलंत, मनापासून आभार. पण आता तर मला हा चित्रकार अजूनच नकोसा झाला. क्रिटोच्या दगडावर पूर्ण नाव लिहिणारा माणूस. क्रिटोने काय केलं होतं? तुरुंगात पैसे चारून सॉक्रेटिसला पळवायची सगळी तयारी केली होती, स्वतःचं नाव आणि पैसा धोक्यात घालून. सॉक्रेटिस नाही म्हणाला म्हणून राहिलं. आणि इथे मित्र ओळीने जात होते तेव्हा हा हुकूम काढणाऱ्यांत बसलेला. ती सही मला आता बघवणार नाही.

कुंचला

मी काल रात्रभर या प्रतिसादांचा विचार करत होतो. रोखठोक, तुमच्या रागाला माझ्याकडे उत्तर नाही आणि द्यायचंही नाही. फक्त एवढं म्हणतो, सही १७८७ ची आहे. तेव्हा तो ३९ वर्षांचा होता आणि त्रुदेनच्या दिवाणखान्यात बसत होता. त्या वेळी त्याने जे लिहिलं ते मनापासून लिहिलं असेल. पुढे तो तसा राहिला नाही. मुलांना शिकवताना मी ही गोष्ट कधी सांगितली नाही कारण मला माहितीच नव्हती, माहिती असती तर सांगितली असती, आणि चित्र भिंतीवर तसंच ठेवलं असतं.

उंबरठा

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, अभ्यासपूर्ण आहेत, पण एवढ्या मोठ्या चर्चेत झँथिपीचं नाव एकदाही आलं नाही याचं मला वाईट वाटलं. कुंचला सर "काही माणसं" जिना चढतायत म्हणाले, त्यातली एक सॉक्रेटिसची बायको आहे. मागे, लहानशी, वळून हात वर करून निरोप देतेय.

तिचं काय झालं तेही त्याच पुस्तकात आहे. सकाळी मित्र आत येतात तेव्हा ती तिथेच असते, छोटा मुलगा घेऊन बसलेली. त्यांना बघून ती रडायला लागते आणि म्हणते की सॉक्रेटिस, आता ही शेवटची वेळ, तुझे मित्र तुझ्याशी बोलणार आणि तू त्यांच्याशी बोलणार. बघा, ती काय म्हणतेय. माझं काय होणार, पोरांचं काय होणार, यातलं काहीच नाही. तिला माहितीय की त्याला सगळ्यात जास्त काय आवडतं, मित्रांशी बोलणं, आणि ते आता संपणार म्हणून ती रडतेय. आणि सॉक्रेटिस क्रिटोकडे बघून म्हणतो, हिला कुणीतरी घरी घेऊन जा. नेतात तिला, ती छाती पिटत जाते.

आणि जगाने तिला कजाग बायको म्हणून लक्षात ठेवलं. तीन मुलगे होते, एक कडेवरचा. नवरा शिकवायचे पैसे घ्यायचा नाही. घर कोण चालवत होतं? आपल्याकडे तुकोबांच्या आवलीच्या वाट्याला हेच आलं, ती डोंगरावर भाकरी घेऊन जायची ते लोक विसरतात आणि तिचं तोंड लक्षात ठेवतात.

बायका संध्याकाळी परत येतात हे पण लिहिलंय, विष घ्यायच्या आधी, अंघोळ झाल्यावर. अंघोळ तो स्वतः करतो, का तर मेल्यावर बायकांना प्रेत धुवायचा त्रास नको म्हणून. मला सॉक्रेटिसच्या मोठमोठ्या वाक्यांपेक्षा ही अंघोळ जास्त जवळची वाटते. दाविदला ती काढता आली नसती मान्य, पण त्या जिन्यावरच्या बाईचा चेहरा तरी नीट काढायला हवा होता.

निळी शाई

उंबरठा, चूक माझी, मूळ लेखातच मी तिला विसरले. आईला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. आवलीचं वाचल्यावर ती थोडा वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली, अंघोळीचं परत वाच.

कुंचला

उंबरठा, माझ्याकडूनही चूक झाली. त्या "काही माणसं" या शब्दांबद्दल मनापासून क्षमा मागतो.

जुनी पानं

थोडं अवांतर पण जोडून असलेलं. गांधीजींनी १९०८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत 'इंडियन ओपिनियन'मध्ये सॉक्रेटिसच्या न्यायालयातल्या भाषणाचं सार गुजरातीत क्रमशः दिलं होतं, एका सत्यवीराची कथा अशा नावाने. नंतर त्याची पुस्तिका निघाली आणि १९१० मध्ये मुंबई सरकारने तिच्यावर बंदी घातली, 'हिंद स्वराज'बरोबरच. चोवीसशे वर्षांपूर्वीच्या म्हाताऱ्याचं भाषण, त्यात इंग्रजांचं नावही नाही, तरी सरकारला भीती वाटली. रोखठोक विचारतायत उरलं काय, तर मला वाटतं हे उरलं. शरीर कसं का काढेना.

वाटसरू_७

अथेन्सला मागच्या वर्षी गेलो होतो. अॅक्रोपोलिससमोरच्या फिलोपाप्पोस टेकडीच्या पायथ्याला दगडात कोरलेल्या खोल्या आहेत, लोखंडी गज लावलेले, पाटी आहे सॉक्रेटिसचा तुरुंग. सगळे फोटो काढतात, मीपण काढला. पण तो तुरुंग नव्हे, नाव नंतर चिकटलंय. दुसऱ्या महायुद्धात त्या खोल्यांमध्ये अॅक्रोपोलिसवरच्या जुन्या वस्तू लपवून पुढे काँक्रीटची भिंत घातली होती, जर्मनांच्या हाती लागू नयेत म्हणून.

खरा तुरुंग बहुतेक खाली अगोराच्या, म्हणजे जुन्या बाजारचौकाच्या, नैऋत्येला होता, तिथे एका इमारतीचा पाया सापडलाय, मधून वाट आणि दोन्ही बाजूंना खोल्या. तिथे खोदताना १३ छोट्या मातीच्या औषधाच्या कुप्या मिळाल्या आणि सॉक्रेटिसचा एक छोटा संगमरवरी पुतळा. ती इमारत म्हणजे तुरुंगच असं सगळे मानत नाहीत. पण त्या जागी आता गुडघ्याएवढे दगड आहेत आणि गवत, कुणी फारसं थांबत नाही, मी एकटाच होतो, आणि मला त्या गजांच्या खोलीपेक्षा तिथे जास्त काहीतरी वाटलं. दाविदची खोली उंच आहे, कमान आहे. इथल्या खोल्या अगदी लहान. पंधरा-सोळा माणसं दाटीवाटीने बसली असतील, गुडघ्याला गुडघा लावून.

कडुलिंब

वाटसरू, त्या दाटीवरून आठवलं. फीडो, ज्याच्या नावाने संवाद आहे, तो सांगतो की मी पलंगाशेजारी खाली एका बुटक्या बैठकीवर बसलो होतो आणि सॉक्रेटिस वर. बोलता बोलता सॉक्रेटिसने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, त्याचे मानेवरचे केस हातात घेतले आणि म्हणाला, उद्या तू हे सुंदर केस कापशील ना. शोकात केस कापायची पद्धत होती त्यांच्यात. फीडो म्हणतो हो. सॉक्रेटिस म्हणतो, आपला युक्तिवाद मेला आणि आपल्याला तो जिवंत करता आला नाही तर उद्या कशाला, आजच कापू, तू तुझे आणि मी माझे.

मरणाच्या दिवशी माणूस पोराच्या केसांशी खेळतोय आणि तरी मुद्दा सोडत नाही. मला हे चित्रात हवं होतं.

रोखठोक

हे मी विसरलोच होतो. कडुलिंब, धन्यवाद. हा माझा सॉक्रेटिस.

निळी शाई

परवा पुन्हा जाऊन आले, आईला घेऊनच. दगडांवरच्या दोन्ही सह्या पाहिल्या. क्रिटोच्या दगडावरची स्पष्ट दिसते, प्लेटोखालची अक्षरं बघायला वाकावं लागलं, पहारेकरी दोनदा मागे व्हा म्हणाला. झँथिपीपुढे आई बराच वेळ उभी होती, म्हणजे त्या कमानीच्या बाजूला, कारण ती इतकी लहान आहे की समोरून नीट दिसत नाही. हात तिने असा उचललाय की निरोप आहे का थांबा म्हणतेय ते कळत नाही.

पानगळ यांनी लिहिलेलं सगळं मी आईला ट्रेनमध्ये सांगितलं होतं. मला वाटलं ती दाविदवर चिडेल, रोखठोक चिडले तशी. ती प्लेटोकडे बघून एवढंच म्हणाली की आजारी होता म्हणून लिहिलंय ते एका ओळीत लिहिलंय ना, जास्त लिहायला जमलं नसेल त्याला.

घरी आल्यापासून आम्ही दोघी लॅपटॉपवर चित्र मोठं करून फीडोला शोधतोय. उजवीकडच्या घोळक्यात तरुण म्हणावेत असे दोघं-तिघं आहेत, एकाचे केस मानेपर्यंत येतायत असं आईचं म्हणणं, मला ती सावली वाटते. सॉक्रेटिसच्या जवळ, हात पोचेल इतक्या जवळ, कोणीच तसा सापडत नाहीये. कुंचला सर, तुमच्याकडे ती मोठी छापील प्रत अजून असेल तर जरा बघून सांगाल का?